फाइलसिस्टिम कोसळली तर पुरावा कुठे राहील? सिरियल, नेटकन्सोल, पीस्टोर आणि केडंप यांची तुलना

लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळताना बरंच काही सांगून जातो: कुठल्या फंक्शनमध्ये गडबड झाली, तिथवर तो कुठल्या वाटेने पोचला, रजिस्टरमध्ये काय होतं. पण हे सगळं डिस्कवर उतरवायला फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारा कर्नलचा भाग) लागते. एक्स्ट४, एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमच्या कोडमध्येच बिघाड झाला आणि लॉगही त्याच फाइलसिस्टिमवर लिहिला जात असेल, तर मागच्या बूटचा लॉग बहुतेकदा क्रॅशच्या थोडा आधीच तुटलेला सापडतो. हवा तो भाग मेमरीत होता आणि रीबूटबरोबर गेला.

तो भाग वाचवायचे मुख्य मार्ग चार: सिरियल कन्सोल, नेटकन्सोल, पीस्टोर आणि केडंप. चारही आधी लावून ठेवावे लागतात. क्रॅश झाल्यावर लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. निवड करताना मी आधी एकच गोष्ट बघतो. पुरावा ज्या वाटेने बाहेर पडणार आहे, ती वाट कोसळलेल्या भागातून जाते का? सोय, वेग आणि माहिती किती मिळते, हा विचार त्यानंतरचा.

क्रॅश कुठल्या जातीचा

"फाइलसिस्टिम क्रॅश झाली" या वाक्यात तीन वेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाला वेगळं साधन लागतं.

पहिलं म्हणजे ऊप्स. कर्नलने चुकीच्या पत्त्याला हात लावला किंवा कोडमधली एखादी तपासणी फसली, की कर्नल ती प्रोसेस मारतो आणि बहुतेक वेळा पुढे चालू राहतो. घोळ इथूनच वाढतो. मेलेल्या प्रोसेसने एखाद्या आयनोडचं (फाइलच्या नोंदीचं) लॉक धरलेलं असतं, किंवा जर्नलमधला (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या वहीतला) व्यवहार अर्धवट उघडा ठेवलेला असतो. त्यासाठी थांबलेल्या बाकीच्या प्रोसेस एकेक करून अडकत जातात आणि दोनेक मिनिटांनी "ही प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त काळ अडकली आहे" असे संदेश येऊ लागतात. लोक हेच संदेश उचलून कळवतात, कारण शेवटी डोळ्यांसमोर तेच असतात. मूळ कारण त्यांच्या कितीतरी ओळी वर असतं.

दुसरं म्हणजे नुसतं अडकणं. ऊप्स नाही, पॅनिक (म्हणजे कर्नलने स्वतःच सगळं थांबवणं) नाही; डेडलॉक झालाय, म्हणजे प्रोसेस एकमेकींची लॉक सुटायची वाट बघत बसल्यात, किंवा खालचं स्टोरेज उत्तर देत नाही, आणि प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे न उठवता येणाऱ्या झोपेत, बसून राहतात. यात आपोआप काहीच नोंदलं जात नाही असं धरून चाला. अडकलेल्या प्रोसेसची तक्रार लॉगमध्ये येते खरी, पण मूळ सेटिंगनुसार अशा १० तक्रारींनंतर कर्नल त्याही थांबवतो.

तिसऱ्या प्रकारात फाइलसिस्टिमला स्वतःलाच काहीतरी विसंगत सापडतं. एक्सएफएस स्वतःला बंद करून घेते, बीटीआरएफएस चालू व्यवहार रद्द करून रीड-ओन्ली होते. एक्स्ट४ तुम्ही ठरवलं असेल त्याप्रमाणे तशीच चालू राहते, रीड-ओन्ली होते किंवा थेट पॅनिक करते. यात कर्नल शुद्धीवर असतो आणि पुराव्याचा मोठा हिस्सा डिस्कवर असतो. म्हणून वरच्या चारही साधनांचा इथे उपयोग मर्यादित आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

सिरियल आणि नेटकन्सोल: जसं घडेल तसं बाहेर

या दोघांचं बलस्थान एकच. ओळ छापली जाते त्याच क्षणी ती दुसऱ्या मशीनकडे निघते, त्यामुळे नंतर मशीन थिजलं तरी गेलेल्या ओळी गेल्याच.

सिरियल कन्सोल, म्हणजे सिरियल पोर्टच्या तारेवरून बाहेर पडणारा कर्नलचा लॉग, जुना आहे आणि आजही सगळ्यात भरवशाचा आहे. त्याला नेटवर्क लागत नाही, डिस्क लागत नाही, बूटच्या अगदी सुरुवातीपासून तो बोलतो. सर्व्हरवर आयपीएमआयमधून (दुरून मशीन सांभाळायची वेगळी यंत्रणा) तोच नेटवर्कवर मिळतो. व्हर्च्युअल मशीन असेल तर सिरियल पोर्टचं आउटपुट होस्टवरच्या फाइलमध्ये वळवायला काहीच खर्च नाही. मशीन अडकलं तर त्याच तारेवरून 'ब्रेक' पाठवून सिस-रिक्वेस्टचे, म्हणजे थेट कर्नलला द्यायचे एकाक्षरी आदेशही देता येतात. अडचण वेगाची. नेहमीच्या १,१५,२०० बॉडला सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार अक्षरं जातात. हजारो प्रोसेसचे स्टॅक (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी) मागितले तर ते उतरायला मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कर्नल छापण्यातच गुंतून पडतो.

नेटकन्सोल तेच काम यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर करतो. मूळ सेटिंगनुसार ६६६५ पोर्टवरून निघून समोरच्या मशीनच्या ६६६६ पोर्टवर ओळी पोचतात. लावायला सोपा, वेगाला चांगला. पण पोच मिळत नाही, ऐन गर्दीत ओळी गळू शकतात आणि सगळं उघड्या मजकुरात जातं. वाय-फायवर त्याची भिस्त ठेवू नका. नेटवर्क ड्रायव्हरला पोलिंगचा (इंटरप्टची वाट न बघता कार्ड थेट चालवण्याचा) आधार असावा लागतो आणि वायरलेस ड्रायव्हरमध्ये तो सहसा नसतो. ओळी पाठवणारं मशीन आणि घेणारं मशीन वेगळ्या सबनेटवर असतील तर गेटवेचा मॅक पत्ता द्यावा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. विस्तारित स्वरूप चालू केलं तर प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक मिळतो आणि मधलं काही गळलं का ते निदान कळतं. मी तरी ते नेहमी चालू ठेवतो.

दोघांनाही लागू असलेली एक बाब सहज नजरेआड होते: कन्सोलची लॉग पातळी. ती खाली ठेवलेली असेल तर ऊप्सची ठळक ओळ बाहेर येते, पण त्याआधी फाइलसिस्टिमने दिलेले साधे इशारे येत नाहीत. बऱ्याचदा निदान त्या इशाऱ्यांतच असतं.

पीस्टोर: फुकटात मिळणारं, पण थोडकं

पीस्टोर ऊप्स किंवा पॅनिकच्या वेळी लॉगचा शेवटचा तुकडा यूईएफआयच्या (मशीनच्या फर्मवेअरच्या) कायम साठवणुकीत किंवा राखून ठेवलेल्या मेमरीत टाकतो. पुढच्या बूटला तो फाइलच्या रूपात समोर येतो आणि सिस्टिमडी (सेवा सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर तो उचलून व्यवस्थित ठेवतो. दुसरं मशीन नको, केबल नको. लॅपटॉपवाल्यांसाठी हा पहिला पर्याय. काही लिनक्स वितरणांत यूईएफआयचा पर्याय मुद्दाम बंद ठेवलेला असतो, तेवढं तपासून घ्या. मेमरीतला प्रकार साध्या रीबूटमध्ये टिकतो, वीज गेली की जातो.

मर्यादा आकाराची. मूळ सेटिंगला साधारण १० केबी लॉग जपला जातो. एका ऊप्सला ते पुरतं. पण अडकलेल्या प्रोसेसवरून पॅनिक करायला लावलं असेल, तर त्या क्षणी लॉगमध्ये ढीगभर स्टॅक साचलेले असतात आणि जिथून सगळं सुरू झालं तो भाग त्या १० केबीच्या बाहेर राहतो. ऊप्स किंवा पॅनिक झालाच नाही आणि तुम्ही बटण दाबून मशीन बंद केलं, तर यूईएफआयच्या साठ्यात काहीच नसतं.

केडंप: सगळं मिळतं, पण मांडणी नीट हवी

केडंपमध्ये मेमरीचा एक भाग, साधारणपणे २५६ एमबी, बूटच्या वेळीच बाजूला काढून त्यात दुसरा कर्नल तयार ठेवलेला असतो. पहिला पॅनिक झाला की दुसरा सूत्रं हाती घेतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. नंतर 'क्रॅश' किंवा 'ड्रॅगन' यांसारख्या साधनांनी ती उघडून प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक, कुणी कुठलं लॉक धरलंय, जर्नलचा व्यवहार कुठे थांबलाय, हे निवांत बघता येतं. डेडलॉकच्या निदानाला याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

फाइलसिस्टिमच्या बाबतीत मात्र तीन जागी पाय घसरतो.

एक, डंप कुठे लिहायचा. तो बहुधा मूळ (रूट) विभाजनावरच लिहिला जातो. म्हणजे दुसरा कर्नल उठल्यावर तीच बिघडलेली फाइलसिस्टिम माउंट करतो, तिचं जर्नल चालवतो आणि तिच्यावर शेकडो एमबी लिहितो. कोडमधला दोष दोन्ही कर्नलमध्ये सारखाच, कारण बहुतेकदा कर्नल एकच असतो. तो तिथेही कोसळू शकतो. कोसळला नाही तरी डिस्कवरची मूळ स्थिती बदलली. म्हणून डंप वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या प्रकारच्या फाइलसिस्टिमवर, किंवा एसएसएच अथवा एनएफएसने दुसऱ्या मशीनवर पाठवा. यात तडजोड करू नका.

दोन, डंप किती गाळायचा. फाइल लहान व्हावी म्हणून प्रचलित पातळी ३१ असते. तीत मेमरीची शून्यांनी भरलेली, मोकळी, वापरकर्त्यांची आणि पेज कॅशेची (डिस्कवरच्या मजकुराच्या मेमरीतल्या प्रतींची) पानं वगळली जातात. पण एक्स्ट४ची मेटाडेटा पानं (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या रचनेची माहिती) पेज कॅशेतच असतात! जे बघायचं तेच गाळलं जातं. एक्स्ट४साठी पातळी २५ ठेवा. तीत कॅशे राहते, बाकीचं जातं. फाइल मोठी होईल, होऊ द्या. एक्सएफएस मेटाडेटासाठी स्वतःचा बफर कॅशे सांभाळते, त्यामुळे तिथे ही अडचण तितकी जाणवत नाही.

तीन, डंप घडवून आणणं. नुसत्या ऊप्सने केडंप जागा होत नाही. ऊप्सवर पॅनिक करण्याची सेटिंग चालू हवी. अडकण्याच्या प्रकारासाठी अडकलेल्या प्रोसेसवर पॅनिक करण्याची सेटिंग, किंवा समोर माणूस असेल तर सिस-रिक्वेस्टचा 'सी'. त्याआधी 'डब्ल्यू' देऊन अडकलेल्या प्रोसेसचे स्टॅक लॉगमध्ये उतरवून घ्या.

शिवाय डंप वाचायला नेमक्या त्याच बिल्डची डीबग माहिती लागते, आणि डंपमध्ये पासवर्डपासून एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांपर्यंत काहीही असू शकतं. तो तसाच कुणाच्या हाती देता येत नाही. वाचणारं माणूस घरातच नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी, हा विचार आधी करावा.

मग घ्यावं काय

एकच लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर पीस्टोर चालू करा आणि ऊप्सवर पॅनिक लावा. अडकण्याचीच तक्रार असेल तर केबलने जोडलेल्या दुसऱ्या मशीनवर नेटकन्सोल. व्हर्च्युअल मशीन असेल तर सिरियल फाइलमध्ये वळवा आणि केडंपच्या भानगडीत पडू नका. क्यूईएमयूसारख्या, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या साधनाने होस्टवरून पाहुण्याची (आतल्या व्हर्च्युअल मशीनची) मेमरी बाहेरूनच डंप करता येते, आतली फाइलसिस्टिम कितीही बिघडलेली असो. सर्व्हरवर क्रॅश पुन्हा पुन्हा होतोय आणि ट्रेस (क्रॅशच्या वेळी छापलेला स्टॅक) दर वेळी वेगळा येतोय, तिथे केडंप लावाच, आणि सोबत सिरियलही ठेवा. ट्रेस दर वेळी वेगळा, अगदी असंबद्ध ठिकाणचा असेल तर रॅमचीही तपासणी करा. खराब मेमरी फाइलसिस्टिमच्या माथी मारली जाण्याचे प्रकार नवे नाहीत.

पुरावा डिस्कवर असेल तेव्हा

आता तो तिसरा प्रकार, ज्यात फाइलसिस्टिमने स्वतःच विसंगती पकडली. इथे तुलना दुरुस्ती आणि नोंद यांच्यात आहे, आणि नोंद नेहमी आधी. दुरुस्तीचं साधन चालवलं की नेमकं काय बिघडलं होतं ते पुसलं जातं. फार काय, नुसतं पुन्हा माउंट केलं तरी जर्नल चालवलं जातं, आणि रीड-ओन्ली माउंटलाही हे लागू आहे. जर्नल न चालवता बघायचं तर एक्स्ट४ला 'नोलोड' आणि एक्सएफएसला रीड-ओन्लीसोबत 'नोरिकव्हरी' हे पर्याय आहेत.

तिन्ही फाइलसिस्टिमांसोबत फक्त मेटाडेटाची प्रतिमा काढणारी साधनं येतात: ईटूइमेज, एक्सएफएस-मेटाडंप आणि बीटीआरएफएस-इमेज. फाइलींतला मजकूर ती घेत नाहीत. एक्सएफएसचं साधन फाइलींची नावं आपणहून झाकतं; बाकी दोघांना तसं वेगळं सांगावं लागतं. ही प्रतिमा हाती असेल तर मेंटेनर (त्या फाइलसिस्टिमचा कोड सांभाळणारा) तोच बिघाड आपल्या मशीनवर बघू शकतो, त्यामुळे या प्रकारात ती केडंपहून मोलाची ठरते. एक्सएफएस-रिपेअरला लॉग पुसायला लावणारा 'एल' पर्याय सगळ्यात शेवटी, आणि प्रतिमा काढल्याशिवाय कधीच नाही.

कळवताना

कर्नल वितरणाचा असेल आणि तुम्हाला दुसरा बांधता येत नसेल तर वितरणाकडे कळवा. त्यांनी त्यात स्वतःचे पॅच घातलेले असतात. ताज्या मूळ कर्नलवर तोच क्रॅश दाखवता आला तर थेट त्या फाइलसिस्टिमच्या मेंटेनरांकडे जा, तिथे उत्तर लवकर मिळण्याची शक्यता जास्त. बंद स्रोताचं मॉड्यूल लोड असेल तर आधी ते काढून क्रॅश पुन्हा घडवून बघा. ट्रेसमधली टेंट अक्षरं (कर्नलमध्ये काही वेगळं मिसळलंय किंवा घडलंय याच्या खुणा) हेच सांगतात: 'पी' म्हणजे बंद स्रोताचं मॉड्यूल, 'ओ' म्हणजे बाहेरून बांधलेलं, आणि 'डी' म्हणजे याआधीच एक ऊप्स होऊन गेलाय. 'डी' दिसला की हातातला ट्रेस बाजूला ठेवून पहिला शोधा.

ट्रेस अख्खा द्या, निवडक ओळी नकोत. कर्नलच्या स्रोतासोबत येणाऱ्या स्टॅक उलगडणाऱ्या स्क्रिप्टमधून काढून पत्त्यांऐवजी फाइल आणि ओळ क्रमांक दिलेत तर उत्तम. सोबत कर्नलची नेमकी आवृत्ती, माउंटचे पर्याय, फाइलसिस्टिम बनवतानाची वैशिष्ट्यं, आणि खाली रेड, एलव्हीएम किंवा एन्क्रिप्शनचा कुठला थर आहे ते. आधीच्या आवृत्तीवर हे होत नव्हतं, हे ठाऊक असेल तर ते पहिल्याच वाक्यात लिहा.

निवड कुठलीही केलीत तरी मशीन कामाला लागण्याआधी ती एकदा तपासून घ्या: महत्त्वाची फाइलसिस्टिम अनमाउंट करा, सिंक द्या, सिस-रिक्वेस्टच्या 'सी'ने क्रॅश घडवा आणि आलेला लॉग किंवा डंप उघडून पहिल्या ओळीपासून ट्रेस वाचता येतो का ते बघा. कर्नल मोठा बदलला की हे पुन्हा करा, कारण दुसऱ्या कर्नलला लागणारी मेमरी वाढलेली असू शकते आणि ती अपुरी पडली तर डंप अर्ध्यावरच थांबतो.