साडेनऊ टक्क्यांची गाडी अन् तेवीस क्विंटलची गाडी

आमच्या अंगणात एकाच मॉडेलच्या, एकाच काळ्या रंगाच्या दोन मोटारसायकली उभ्या राहतात. एक माझी, एक चुलतभावाची. दोन्ही एकाच शोरूमच्या. माझी २०२४ च्या दसऱ्याला घेतलेली, फायनान्सवर. त्याची सतरा दिवसांनी, धनत्रयोदशीला, रोख. शोरूमचं नाव लिहीत नाही, सर्व्हिसिंगला अजून तिथंच जायचं आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या आतल्या रस्त्यावर. शकुंतला रेल्वे कधीची बंद पडली, एसटी दिवसातून दोनदा, तीही शाळेच्या पोरांनी गच्च. म्हणजे गाडी घ्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता. कशी घ्यायची एवढाच होता.

गाडीबद्दल आधी उरकतो. शंभर सीसी, सव्वा वर्षात कुरकूर नाही, मागं खताचं पोतं बांधलं तरी ओढते. शोरूमचा मेकॅनिक पोरगा हाताचा चांगला आहे. तक्रार आहे ती काचेच्या केबिनमधल्या फायनान्सच्या टेबलाची.

ऑन-रोड ९४,००० सांगितले. मी २४,००० भरले, राहिले ७०,०००. टेबलावरचा पोरगा म्हणाला, "काका, फक्त साडेनऊ टक्के. बँकेपेक्षा स्वस्त." चोवीस हप्ते, ३,४७१ चा एक. फाईल चार्ज १,८०० वेगळा. चहा आला, बिस्किट आलं, गाडीला हार आला. टॅबवर बोटानं किती सह्या केल्या मोजल्या नाहीत. संध्याकाळी गाडी घरी, पूजा, पेढे.

रात्री बायकोनं कागद पाहिला. ती बचत गटाचं रजिस्टर लिहिते, दहा वर्षं झाली. बोट ठेवून विचारते कशी, "सत्तर हजाराचं दोन वर्सं सारखंच व्याज लावलं का यायनं? जो पैसा फेडला, त्याचं बी व्याज काऊन भरा लागते?"

मले उत्तर आलं नाही.

तिच्या गटात शेकडा दोन रुपये महिना आहे. ऐकायला जबर. पण तिथं मुद्दल फिटत गेलं की व्याज उतरत जातं, आणि ते व्याज गटाच्याच पेटीत राहतं. इथं साडेनऊ टक्के सरळ व्याज: वर्षाला ६,६५०, दोन वर्षांचे १३,३००, पहिल्या दिवशीच मुद्दलात मिळवले आणि चोवीसनं भागले. वर्षभरानं निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेलं असतं, तरी व्याज पुऱ्या सत्तर हजारांवरच चालू. भाच्यानं मोबाईलवर मांडून दाखवलं: बँक ज्या रीतीनं उतरत्या शिलकेवर व्याज धरते, तसं धरलं तर हा दर सव्वासतरा टक्क्यांवर जातो. फाईल चार्ज धरला तर वीसच्या घरात.

आणि हे लपलेलं नव्हतं, हीच खरी शरमेची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जासोबत एक छोटा तक्ता द्यावा लागतो, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा आणि समजावून सांगायचा, असंही त्यात आहे. माझी गाडी १२ तारखेची. तक्ता आला, पण मोबाईलवर, पीडीएफमध्ये, इंग्रजीत. समजावलं कोणी नाही. मीही विचारलं नाही, हार घातलेल्या गाडीकडं पाहत होतो.

तरी माझं मुख्य भांडण टक्क्यांशी नाही. पाच तारखेशी आहे.

हप्ता दर महिन्याच्या पाचला खात्यातून आपोआप कटतो. नोकरीवाल्याला पगार एकला, तेव्हा पाच तारीख सोयीची. आमच्या घरात पैसा दिसतो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, सोयाबीन आणि मग कापूस. २०२५ च्या जानेवारीत सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीवाल्यांना, कापूस दिला, हमीभाव क्विंटलला ७,५२१ चा, ग्रेड कमी निघाली म्हणून त्याहून जरा खालीच पडला. हाती पैसे आले तेव्हा कर्ज बंद करायला गेलो. तर वर्षाच्या आत बंद होत नाही म्हणाले, नंतर केलं तर उरलेल्या मुद्दलावर पाच टक्के. परत आलो. ते पैसे विहिरीचा गाळ काढण्यात गेले. मग जून: बियाणं, खत, मजुरी. खात्यात पाच तारखेला बाराशे रुपये. हप्ता बाउन्स. फायनान्सवाले ५९०, बँक २९५. जुलैत तेच, ऑगस्टमध्ये तेच. तीन महिन्यांत २,६५५ रुपये, ना मुद्दलात ना व्याजात. हप्त्यांमागं धावलो ते वेगळं. वसुलीचा पोरगा फोनवर बोलायचा तेव्हा मी अंगणाबाहेर जाऊन बोलायचो.

ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात, हंगाम पाहून. मोटारसायकलवाल्या शेतकऱ्यानं तसं मागितलं की टेबलावरचा पोरगा हसतो.

आता चुलतभाऊ. तो दिवाळीभर मिशीला पीळ देऊन फिरला. रोख देतो म्हटल्यावर शोरूममध्ये त्याला चहाही आला नाही, सूट तर नाहीच. त्यांना फायनान्सचं कमिशन असतं, रोखवाला पाहुणा कशाला हवा! पण त्याच्या आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कुणाचा बोजा नाही, उद्या विकायची तर विकू शकतो.

फक्त ते रोख आले कुठून? धनत्रयोदशीचा मुहूर्त चुकवायचा नव्हता. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि त्या वर्षीचा परतीचा पाऊस आठवा. त्यानं ओलं सोयाबीन व्यापाऱ्याला ४,१०० नं टाकलं. तेवीस क्विंटल. नोव्हेंबरच्या मध्यात सरकारनं ओलाव्याची अट पंधरा टक्क्यांवर नेली, तोवर त्याचं कोठार झाडून झालं होतं.

बायकोनं दोन्ही हिशेब एका पानावर मांडले. माझं व्याज, फाईल चार्ज, बाउन्स मिळून १७,७५९ (हप्ता पुऱ्या रुपयात धरल्यानं व्याजात वाढलेले चार रुपये धरून). त्याचं हमीभावातलं नुकसान १८,२१६. त्याला दाखवलं तर म्हणाला, "माह्या नुकसानीचा फोन त येत नाही ना बावा." हे मात्र खरं.

वर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एक दसरा थांबलो असतो तर दोघांनाही गाडी स्वस्तात पडली असती, हे आम्ही एकमेकांना सांगत नाही.

शोरूमला पाचपैकी तीन, तेही मेकॅनिकमुळे. फायनान्सच्या टेबलाला एक. घ्यायचंच असेल तर टक्के विचारू नका, "एकूण किती परत करायचे" आणि "मधेच बंद केलं तर किती" हे विचारा, आणि तो तक्ता मराठीत मागा. कापूस विकला त्याच दिवशी पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढा. २०२६ च्या जानेवारीत पंधरावा हप्ता गेला. उरलेल्या नऊचे ३,४७१ प्रमाणं ३१,२३९ बायकोनं माझ्याकडून मोजून घेतले आणि स्वतःच्या खात्यात ठेवले. दर चार तारखेला ती माझ्या खात्यात टाकणार. माझ्यावर विश्वास नाही का विचारलं, तर म्हणाली, "विहिरीवर नाही."

शेवटचा हप्ता गेला की फायनान्सवाल्यांकडून एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागेल. आणि गाडीची दुसरी चावी फायनान्सवाल्यांकडं आहे, तीही आणायची आहे.