तळेगावला डिपॉझिटवालं सिनियर लिव्हिंग बघताय? मग आमचे 22 लाख कुठे अडकलेत ते वाचा

आमचे 22 लाख तळेगाव दाभाड्यातल्या एका ज्येष्ठांच्या निवासात डिपॉझिट म्हणून अडकलेत. कसे अडकले ते सविस्तर लिहितेय कारण तीच माणसं अजूनही ठाणे-डोंबिवलीत हॉल घेऊन ज्येष्ठांसाठी सेमिनार करतायत, वर नाश्ता फुकट. जागेचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे आणि वकिलांनी हात जोडून सांगितलंय की काकू, नाव तेवढं घेऊ नका.

आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही, ह्यांचे गुडघे गेलेले, मुलगी ठाण्यात, मुलगा कॅनडात. तळेगाव तसं ओळखीचं, हवा चांगली, पुण्याला जायला लोकल, मुंबईला हायवे. तिथल्या कॅम्पसमध्ये दोन विंग. ए विंगमध्ये फ्लॅट विकत, बी विंगमध्ये डिपॉझिट ठेवून राहायचं. बी विंगचं डिपॉझिट 22 लाख आणि महिन्याला दोघांचे मिळून 36 हजार, त्यात जेवण, साफसफाई, चोवीस तास नर्स, अँब्युलन्स सगळं आलं म्हणे. सेल्सवाला मुलगा गोड बोलणारा, पाया पडायचा तेवढा बाकी होता. "काका, फ्लॅट घेऊन काय करणार, मुलं थोडीच इथे येऊन राहणार आहेत? डिपॉझिट ठेवा, नाही पटलं तर तीन महिन्यांत चेक तुमच्या हातात."

आता ह्यांनी आयुष्यभर बँकेत लोन डिपार्टमेंट सांभाळलंय, त्यामुळे रेरा नंबर, म्हणजे बिल्डरच्या प्रोजेक्टचा सरकारी नोंदणी नंबर, मागितलाच. त्याने लगेच ब्रोशरवर दाखवला, क्यूआर कोडसकट. साइटवर टाकून बघितला, नंबर एकदम खरा, प्रोजेक्टचं नाव तेच, पत्ता तोच. फक्त तो नंबर ए विंगचा होता. बी विंग रेरात नव्हतीच आणि भाड्यासारखं द्यायचं म्हटल्यावर ती तिथे असायची गरजही नव्हती, कारण रेरा कायद्यात भाड्याने राहणारा माणूस अलॉटी, म्हणजे घर घेणारा, धरतच नाहीत. म्हणजे करार रजिस्टर केल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत, वेळेत ताबा नाही दिला तर व्याज, हे जे काय संरक्षण आहे ते फ्लॅट विकत घेणाऱ्याला. एका आवारात दोन धंदे चालवायचे आणि एकाचं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या भिंतीवर लावायचं. साइटवर प्रोजेक्ट उघडलात की खाली बिल्डिंगची, विंगची नावं आणि मंजूर प्लॅन असतात, तुमची विंग तिथे आहे का ते बघा, नुसता नंबर खरा निघाला म्हणून उठू नका.

आम्ही बघायला गेलो तो शनिवार होता. खाली लॉबीत आठ-दहा आजी-आजोबा कॅरम खेळतायत, कोणी पेपर वाचतंय, जेवणात अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलबी. प्रसन्न वातावरण! राहायला गेल्यावर कळलं ह्याचं गुपित. शनिवारी सकाळी मॅनेजर दारावर टकटक करायचा, "आज व्हिजिट आहे, जरा खाली येऊन बसाल का सगळे," आणि तरीही माणसं कमी दिसली तर बाहेरून एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाची बस यायची, फुकट सहल आणि जेवण. कॅरमची सोंगटी हातात धरून बसलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं तुम्ही कुठल्या मजल्यावर, तर म्हणाले आम्ही चिंचवडचे हो, जेवून चाललो. जिलबी फक्त शनिवारी. बाकी दिवस दुधी, कोबी, दुधी.

चोवीस तास नर्स म्हणजे रात्री एक मावशी, बिचारी भली होती पण तिला बीपी बघता येत नव्हतं, ती फोन लावून द्यायची. अँब्युलन्स म्हणजे वर लाल दिवा बसवलेली ईको. ह्यांचा पाय घसरला त्या रात्री ती उघडली तर स्ट्रेचरवर भाजीचे क्रेट, कारण सकाळी त्याच गाडीतून मार्केट व्हायचं. ड्रायव्हर घरी गेलेला. शेवटी शेजारच्या रूममधल्या भाऊंच्या गाडीतून आम्ही सोमाटणे फाट्याकडे निघालो.

हेअरलाइन फ्रॅक्चर होतं, परत आलो ते वॉकर घेऊन, आणि वॉकर बाथरूमच्या दारातून जाईना. ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये! मी मुलीला मोजायला लावलं तर साधं अडीच फुटी दार, चौकट धरली की त्याहून कमी. महारेराने, म्हणजे आपल्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, 2024 साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढलेत त्यात दारं किमान 900 मिलिमीटर, बाथरूममध्ये धरायला दांड्या, न घसरणाऱ्या फरशा, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट हे सगळं आहे. ए विंगमध्ये ते केलंय, मी स्वतः जाऊन बघून आले. बी विंग मुळात कसली म्हणून बांधली होती देव जाणे, माझा अंदाज हॉस्टेल.

मग आम्ही निघायचं ठरवलं आणि खरा सिनेमा तिथे सुरू झाला. तीन महिन्यांत चेक हे वाक्य करारात होतं, पण त्याच्या आधी एक अर्धी ओळ होती, तीन महिने मोजायचे ते रूम नव्या रहिवाशाला दिल्यापासून. नवा रहिवासी कधी आणायचा ते त्यांच्या हातात. आमच्या मजल्यावर निम्म्या रूम रिकाम्या, मग ते आमचीच रूम आधी का भरतील? सेल्सवाले नवीन माणसाला रिकामी रूम देतात कारण तिथे 22 लाख थेट खिशात, आमची दिली तर आमचे परत करावे लागतात. आणि रूम भरेपर्यंत महिन्याचा चार्ज आमच्याच डिपॉझिटमधून वळता. त्यात 36 हजारांवर 18 टक्के जीएसटी वेगळा, तो ब्रोशरमध्ये नव्हता, आणि दरवर्षी 10 टक्के वाढ. शिवाय रंगरंगोटी म्हणून दर वर्षाचे 3 टक्के कापणार. म्हणजे नुसतं वाट बघत बसलं तरी वर्षाला पाच-सहा लाख उडतात, चार वर्षांत डिपॉझिट संपलं, मग रिफंडचा प्रश्नच मिटला.

आमच्या मागच्या रूममधल्या आजी वारल्या, त्यांचा मुलगा बंगलोरहून किती वेळा आला असेल, त्याला दर वेळी चहा देतात आणि डायरेक्टर साहेब साइटवर आहेत सांगतात.

वकिलाकडे कागद नेले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे करार एका एलएलपीशी, म्हणजे भागीदारी फर्मशी, आणि पैशाची पावती दुसऱ्याच हॉस्पिटॅलिटी कंपनीची, त्यामुळे आता दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत. चेक लिहिताना नाव जुळतंय का ते बघा, सही करायच्या टेबलावर इतकी गडबड करतात, पेढे काय, फोटो काय. दुसरी गोष्ट आमच्या फायद्याची निघाली. करार 500 च्या स्टॅम्पपेपरवर नुसता नोटरी केलेला, रजिस्टर नाही. सेल्सवाला म्हणालेला वडगाव मावळला रजिस्ट्रेशनला कशाला हेलपाटा, तुमचाच खर्च वाचतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, त्यात लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि नाही केलं तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आता समोरचा वकील म्हणतो की हे लीव्ह अँड लायसन्स नाहीच, हा सेवा करार आहे. आमचे वकील म्हणाले उत्तम, सेवा म्हणताय ना, मग ग्राहक आयोगात या.

त्यामुळे केस जिल्हा ग्राहक आयोगात घातलीय. 50 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेची तक्रार जिल्ह्याला चालते आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथे करता येते, म्हणून मुलीच्या पत्त्यावर ठाण्यात केली, मावळात खेटे नाहीत. त्यांनी पहिल्या नोटिशीनंतर 4 लाख देतो, फुल अँड फायनल सही करा असं कळवलं. ह्यांनी त्या पत्रावर लाल पेनाने व्याजाचा हिशोब मांडून ते परत पाठवलं.

त्या शनिवारच्या व्हिजिटचे कोणाकडे फोटो, ब्रोशर किंवा सेल्सवाल्यांचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील, विशेषतः तीन महिन्यांत चेक असं लिहिलेले, तर डिलीट करू नका आणि मला मेसेज करा, आम्ही बी विंगवाले सात कुटुंबं आता एकत्र आलोय आणि पुढच्या तारखेला वकील हेच कागद लावणार आहेत.