आधी वाफे, मग जेवण : एका सामुदायिक बागेचे आणि तिच्या निधिभोजनाचे परीक्षण

वस्तीतल्या पडीक भूखंडावर रहिवाशांनी मिळून उभी केलेली भाजीपाल्याची बाग आणि तिचा खर्च भागावा म्हणून त्याच बागेत अधूनमधून होणारे सशुल्क जेवण, या दोहोंचे परीक्षण एकत्रच करावे लागते, कारण बाहेरून येणारे बहुतेक लोक जेवणापुरतेच येतात आणि ताटावरून बागेची पारख करून जातात. ही पारख बागेवर अन्याय करणारी आहे. जेवण चांगले असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाग जेवणापेक्षा पुष्कळ सरस आहे, आणि तिच्यातले जे सर्वांत मोलाचे आहे ते नेमके जेवणाच्या संध्याकाळी टेबलांमागे आणि माळांच्या दिव्यांमागे झाकले जाते. म्हणून आधी बागेविषयी लिहितो.

फाटकातून आत शिरताच दिसतात ते लाकडी फळ्यांचे उंच वाफे. त्यांची रुंदी जेमतेम सव्वा मीटर ठेवलेली आहे, कारण दोन्ही बाजूंनी हात घातला की मधल्या रोपापर्यंत पोहोचता यावे आणि मातीवर पाय देण्याची वेळ कोणावरही येऊ नये. पायाखाली दबलेल्या मातीत हवा खेळत नाही, पाणी मुरत नाही आणि मुळे वरच्या थरातच अडकून पडतात. हे ठाऊक असूनही घरच्या बागेत आपण वाफ्यात उतरतोच. इथे कोणी उतरत नाही. काही वाफे कमरेच्या थोडे खाली येतील इतके उंच आहेत, त्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांना आणि गुडघे कुरकुरणाऱ्या ज्येष्ठांनाही खुरपणी करता येते. त्यांच्या बाजूची वाटसुद्धा खुर्ची वळेल इतकी रुंद आणि घट्ट ठोकलेली आहे, आणि उंच वाफे बांधून वाट मात्र भुसभुशीत ठेवणाऱ्या बागा पाहिलेल्या माणसाला या तपशिलाचे मोल कळेल.

वाफे उंच असण्याचे दुसरे कारण फलकावर लिहिलेले आहे आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. शहरातल्या पडीक जागेत जुन्या रंगाचे पापुद्रे, पाडकामाचा राडारोडा आणि शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली रस्त्याकडेची धूळ यांमुळे मातीत शिसे साठलेले असू शकते, आणि शिसे आपोआप नाहीसे होत नाही. या बागेने लागवडीआधी माती प्रयोगशाळेत तपासून घेतली, मूळ जमिनीवर जाड कापड अंथरले आणि वर बाहेरून आणलेली स्वच्छ माती व कंपोस्ट भरले. पालेभाज्या आणि गाजर-मुळ्यासारखी कंदमुळे केवळ याच वाफ्यांत लावली जातात, कारण दूषित मातीचा धोका या भाज्यांतच जास्त असतो. टोमॅटो किंवा वांग्यासारख्या फळभाज्यांत शिसे त्या मानाने फारच कमी उतरते. तपासणीचा अहवाल अवजारांच्या खोलीच्या दाराशी लावलेला आहे. मला या बागेतली सर्वांत विश्वासार्ह वस्तू तीच वाटली.

कंपोस्टचे तीन कप्पे बागेच्या मागच्या टोकाला आहेत आणि ते पाहण्यासाठी कामाच्या सकाळीच जायला हवे. पहिल्या कप्प्यात ताजा ओला कचरा आणि सुका पालापाचोळा थरांनी पडतो, दुसऱ्यात ढीग तापतो आणि तिसऱ्यात तो निवून मुरतो. ढिगात कर्ब (कार्बन, जो सुक्या पाल्यात जास्त असतो) आणि नत्र (नायट्रोजन, जो हिरव्या कचऱ्यात जास्त असतो) यांचे प्रमाण साधारण पंचवीस ते तीसास एक असावे लागते, आणि व्यवहारात याचा अर्थ असा की हिरव्या कचऱ्याच्या एका बादलीवर सुक्या पाल्याच्या निदान दोन बादल्या पडल्या पाहिजेत. लोक नेमका सुका पाला टाकायचा विसरतात आणि मग ढिगाला वास येतो. इथे सुक्या पाल्याचे पोते कप्प्याशेजारीच टांगलेले असल्याने तो विसर पडत नाही. ढिगात लांब दांड्याचा तापमापक खुपसलेला असतो; मी पाहिले तेव्हा काटा 58 अंश सेल्सिअसवर होता आणि फावड्याने वरचा थर सारताच आतून वाफ निघाली. ढीग 55 अंशांच्या वर काही दिवस राहिला आणि मधूनमधून उलथला गेला, तर तणांचे बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. ढीग उलथण्याचे काम घाम काढणारे असते, पण त्याची पाळी ठरलेली आहे आणि पाळी चुकवणाऱ्याचे नाव फलकावर खडूने लिहिले जाते. ही शिस्त थोडी शाळकरी आहे. परिणामकारक मात्र आहे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. काही वाफे कुटुंबांना वर्षभरासाठी दिलेले आहेत, काही सामाईक आहेत, आणि वैयक्तिक वाफ्यांसाठी प्रतीक्षायादी लांब आहे. सामाईक वाफ्यांवर मात्र कोणालाही काम करता येते आणि केलेल्या कामाच्या बदल्यात भाजीचा वाटा मिळतो. दिलेला वाफा तणाने भरला तर आधी सूचना, मग मदतीचा हात आणि तरीही कोणी फिरकले नाही तर वाफा पुढच्याला, असा क्रम आहे. मधली पायरी फार कमी ठिकाणी आढळते.

आता जेवणाविषयी. संध्याकाळी वाफ्यांमधल्या मुख्य वाटेवर एक लांबच लांब टेबल मांडले जाते आणि परस्परांना न ओळखणारे लोक शेजारी बसतात. पदार्थ मोजके असतात, ही चांगली गोष्ट. भर चवीवर असतो आणि ती चव कुठून येते हे समजून घेण्यासारखे आहे. बाजारातला टोमॅटो दूरचा प्रवास सोसावा म्हणून पुष्कळदा कच्चा तोडलेला आणि पुढे शीतपेटीत ठेवलेला असतो, आणि थंडीत टोमॅटोचा गंध मंदावतो. इथला टोमॅटो वेलीवर पिकून त्याच दुपारी उतरवलेला असतो आणि त्याला शीतपेटी ठाऊकच नसते. मक्याच्या कोवळ्या कणसातली साखरही तोडल्यापासून स्टार्चमध्ये बदलू लागते, त्यामुळे कणीस तोडणे आणि शिजवणे यांतले अंतर जितके कमी तितका गोडवा जास्त. त्या टेबलावर आलेली कणसे पन्नास पावलांवरून आलेली होती आणि त्यांवर काही घालण्याची गरज स्वयंपाक करणाऱ्यांना वाटली नाही, हा त्यांचा समंजसपणा. पालेभाजीचा पदार्थ मात्र फसला होता. मोठ्या भांड्यात बराच वेळ झाकून ठेवल्याने पाला काळवंडला होता आणि त्याचा कोवळेपणा संपला होता. दीड-दोनशे माणसांसाठी कोवळा पाला शिजवण्याचा हट्ट सोडून तो कच्चा, धुऊन, शेवटच्या क्षणी वाढला असता तर बरे झाले असते.

कच्चा पाला म्हटला की स्वच्छतेचा प्रश्न येतो, आणि त्या बाबतीत ही मंडळी जागरूक आहेत. न मुरलेले शेणखत घातलेल्या मातीला ज्या पिकाचा खाण्याचा भाग टेकतो, ते पीक खत घातल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस आणि न टेकणारे पीक 90 दिवस थांबवावे, असा अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या प्रमाणनाचा नियम आहे. या बागेत तो तर पाळला जातोच, शिवाय पालेभाज्यांच्या वाफ्यांत कच्चे शेणखत घातलेच जात नाही. वाढण्याच्या टेबलावर गरम पदार्थ गरम आणि थंड पदार्थ बर्फावर ठेवलेले होते. हात धुण्याची सोय मात्र एकाच नळावर होती आणि जेवणाआधी तिथे जी रांग लागली तिच्याकडे पाहून अनेकांनी हात धुण्याचा विचार सोडून दिला. भाजी इतक्या काळजीने पिकवायची आणि खाणाऱ्याचे हात तसेच राहू द्यायचे, हे बरोबर नाही.

माझा खरा आक्षेप ताटांवर आहे. ताटे आणि चमचे ‘कंपोस्ट होणारे’ असे छापलेले होते आणि जेवणानंतर ती मोठ्या अभिमानाने कंपोस्टच्या पिंपात टाकली गेली. अशा वस्तू पुष्कळदा पॉलिलॅक्टिक आम्ल या, वनस्पतींतल्या साखरेपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या असतात आणि त्या कुजण्यासाठी औद्योगिक कंपोस्ट केंद्रातली, आठवडेच्या आठवडे टिकणारी उष्णता लागते. बागेतला ढीग 58 अंशांवर जातो खरा, पण तो तिथे फार काळ राहत नाही आणि कडेला तर तेवढा तापतही नाही. पुरावा तिसऱ्या कप्प्यातच आहे: चाळणीवर खत चाळताना आधीच्या जेवणातले काटे वर राहिले होते, मातकट झालेले, पण चारही दाते शाबूत असलेले. ज्या बागेला आपल्या ढिगाचे तापमान रोज माहीत असते, तिने वेष्टनावरच्या शब्दांवर विसंबावे याचे आश्चर्य वाटले. धुता येणारी साधी ताटे भाड्याने घ्यावीत आणि पाहुण्यांनाच आपापले ताट विसळायला लावावे. बागेत जेवायला आलेल्या माणसाला त्याचे काही वाटणार नाही.

पैशांच्या बाबतीत बागेचा व्यवहार चोख आहे, पण तो सांगण्याची रीत कच्ची. जेवणानंतर जमाखर्चाचा कागद फलकावर लागतो आणि त्यात टेबल-खुर्च्यांचे भाडे, दिवे, बाहेरून आणलेला शिधा व ताटे यांवर जमेतला मोठा हिस्सा गेलेला स्पष्ट दिसतो. उरलेली रक्कम पाणीपट्टी, ठिबकच्या नळ्या, बियाणे, विमा आणि कुजलेल्या फळ्या बदलणे अशा कामांना लागते. या गोष्टी दिसायला रुक्ष आहेत. म्हणूनच की काय, जेवणाच्या आधीच्या भाषणात त्यांचा उल्लेखही नव्हता. भाषण लांबले, अन्न निवत राहिले, आणि ‘निसर्गाशी नाते’ यावर बरेच बोलून झाले तरी पाण्याच्या बिलाचा विषय निघाला नाही. निधी कशासाठी हवा आहे हे ठाम शब्दांत सांगितले, तर लोक जास्तच देतात असे माझे मत आहे. ‘या टेबलावरच्या दहा जागांतून एका वाफ्याच्या फळ्या बदलतील’ असे एक वाक्य पुरले असते.

आणखी एक गोष्ट खटकली. ज्यांनी वर्षभर खुरपले, त्यातले बरेच जण वाढण्यात, भांडी उचलण्यात आणि वाटेवर आडव्या पडलेल्या पाण्याच्या नळीला अडखळणाऱ्या पाहुण्यांना सावरण्यात गुंतलेले होते. स्वयंसेवकांना सवलतीत जागा मिळते, पण बसायला सवड मिळत नसेल तर सवलतीचा उपयोग काय? शिवाय मोठे जेवण ऐन काढणीच्या दिवसांत ठेवले जाते आणि तयारीत आठवडाभर माणसे अडकतात. त्या आठवड्यात घेवड्याच्या शेंगा वेलीवरच जून होतात. आणि घेवडा असा आहे की शेंगा वेळेवर तोडत राहिले तरच वेल पुन्हा फुलतो. बी पक्के होऊ दिले की तो फुलणे आवरते घेतो. म्हणजे ज्या पिकाच्या जिवावर जेवण घालायचे, त्याचेच उत्पन्न जेवणामुळे घटते.

याच बागेचे हंगामाच्या सुरुवातीला होणारे छोटे जेवण मला म्हणूनच अधिक आवडले. तेव्हा वाफ्यांत पाहण्यासारखे फारसे नसते, माणसे चाळीसच्या आसपास असतात, ताटे घरोघरची असतात आणि जेवणाआधी प्रत्येकाला बियांची एक ओळ पेरायला देतात. त्यातून पैसा कमी जमतो, पण खर्चही नगण्य असतो, आणि महत्त्वाचे म्हणजे तिथे आलेल्यांपैकी काही जण पुढे कामाच्या सकाळी खुरपे घेऊन हजर झालेले मी पाहिले आहेत. मोठ्या जेवणानंतर असे घडताना दिसले नाही.

असे लोक जोडले जाणे ही केवळ हौसेची बाब नाही. सामुदायिक बागांची जमीन बहुधा त्यांच्या मालकीची नसते. न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये बावरी आणि हाऊस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून बाग केली आणि त्या शहरात अशा बागांची चळवळ पसरली. पण 1999 मध्ये तिथल्या महापालिका प्रशासनाने शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढल्या. निदर्शने झाली, न्यायालयात दावे झाले आणि शेवटी दोन संस्थांनी त्या जागा विकत घेतल्या तेव्हाच त्या वाचल्या. त्या वेळी बागांच्या मागे उभी राहायला माणसे होती. आपल्या बागेचा करार कधी संपतो हे इथल्या फलकावर लिहिलेले आहे, अहवालाच्या अगदी शेजारी, आणि जेवायला आलेल्या किती जणांनी ते वाचले असेल याची मला शंका आहे.

तर जाणाऱ्यांसाठी सांगायचे ते असे. मोठ्या जेवणाची जागा लवकर भरते, म्हणून ती आधी राखून ठेवावी. कंपोस्टच्या बाजूची खुर्ची नको म्हणणारे पुष्कळ असतात, पण नीट राखलेल्या ढिगाला वास येत नाही आणि त्या टोकाला वाढप आधी सुरू होते. बंद बूट घालावेत, वाटेवरची नळी अजून तिथेच आहे. लहान मुलांना आणायचे असेल तर छोटे जेवणच निवडावे. स्वच्छतागृह बागेत नाही, जवळच्या इमारतीत सोय केलेली असते आणि तिथला दिवा उशिरा बंद होतो. त्याची चौकशी आल्याबरोबर करून ठेवावी. हात मात्र घरूनच धुऊन निघावे.