आपल्या जागेवर घरकुल की इमारतीतला फ्लॅट?

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोका पातळी ४५. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट पाण्यात. तिथल्या गरिबाला घर द्यायचं तर कसलं?

पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला शहरात अडीच लाखांचं अनुदान आहे. दारात शेळी बांधता येते, पुढंमागं खोली वाढवता येते. पण जागेचा उतारा नावावर हवा, झोपडीवाल्याकडं तो कुठला? शिवाय पूररेषेत परवानगीच अडते.

फ्लॅट लहान, ३० चौरस मीटरच्या आतबाहेर. भंगाराचा गाडा ठेवायचा कुठं, हा प्रश्नच! तरी दर पुराला भांडीकुंडी घेऊन शाळेत मुक्काम नको.

नदीकाठच्यांना मी फ्लॅटच सुचवेन, फक्त कामाजवळ हवा. धुणंभांडी करणाऱ्या बाईचं रोजचं रिक्षाभाडं कोण देणार?