कालवडीसाठी खनिज मिश्रण: पावडर, चाटण वीट की चिलेटेड?

संकरित कालवड दीड वर्षाची होऊनही माजावर येत नसेल, तर खनिज मिश्रणाचा डबा आणण्याआधी टेप घ्या. छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, शरीराच्या लांबीने (तीही इंचात) गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर म्हणजे अंदाजे वजन, किलोत. ते २५० च्या बरंच खाली असेल तर कुठलंच मिश्रण एकट्याने माज आणणार नाही. आधी जंतनाशक आणि पोटभर चारा-खुराक. नर वासरासोबत जुळी जन्मलेली कालवड तर बहुधा वांझच असते. तिच्यावर खर्च नको, डॉक्टरांकडून तपासून घ्या.

वजन बरं आहे, पण माज मुका जातो (म्हणजे लक्षणं दिसतच नाहीत), कालवड चिंध्या-हाडं चघळते? मग खनिजांची कमतरता असू शकते, विशेषतः फॉस्फरसची. ऊस पट्ट्यात हे जास्त घडतं. वाढ्यांतलं (उसाच्या हिरव्या शेंड्यांतलं) ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, कडब्यात फॉस्फरस कमी, आणि भुसा-पेंड सगळी दुभत्या गाईच्या गव्हाणीत जाते. कालवड दूध देत नाही म्हणून तिला खुराकच नाही, हे मला फार खटकतं.

म्हणून माझी पहिली पसंती पावडरला. रोज ५० ग्रॅम, गव्हाच्या भुशात कालवून. किती पोटात गेलं ते डोळ्यांसमोर राहतं. पिशवीवर आयएस १६६४ हे मानक आणि फॉस्फरस, जस्त, तांबं यांचं प्रमाण छापलेलं बघून घ्या.

चाटण वीट स्वस्त आणि बिनकष्टाची. दिवसभर रानात चरणाऱ्या जनावरांना ठीक. पण बऱ्याच विटांत मुख्यतः मीठच असतं. शिवाय दांडगी गाय विटेपाशी उभी राहिली की कालवडीला जवळ जाताच येत नाही.

चिलेटेडमध्ये जस्त, तांबं, मँगनीज अमिनो आम्लांशी जोडलेले असतात, त्यामुळे शोषण सुधारू शकतं. पाण्यात लोह जास्त असेल तर तांब्याचं शोषण अडतं, तिथे जादा पैसे देण्यात अर्थ आहे. नुसती उलटते (रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते) म्हणून मात्र लगेच हे घेऊ नका. आधी गर्भाशय तपासा, रेतनाची वेळ चुकतेय का बघा.

कॅल्शियमची बाटली व्यायलेल्या गाईसाठी ठेवा. आणि दोन मिश्रणं एकत्र देऊ नका: सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडंच असतं.