पीएक्सआर की सीएआर : सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला काय घ्यायचं?

रविवारी दांडिया बाजारात मावशीकडे जेवायला गेलो होतो, तर श्रीखंड वाढता वाढता मावसबहिणीनं विचारलं, दादा, लिव्हरमधल्या औषधं पचवणाऱ्या जीन्सवर प्रोजेक्ट करायचाय, पीएक्सआर घेऊ की सीएआर? ताटावर बसून काय सांगणार, म्हणून इथे लिहितोय, बडोद्यात फार्मसी करणारे अजून चारजण ह्याच गोंधळात असतीलच.

दोघेही न्यूक्लिअर रिसेप्टर, म्हणजे डीएनएवर बसून जीन चालू करणारी प्रथिनं, आणि दोघेही त्यासाठी आरएक्सआर नावाच्या तिसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवतात. औषधं पचवणाऱ्या सीवायपी एन्झाइम्सपैकी पीएक्सआर मुख्यतः सीवायपी ३ए४ वाढवतो, सीएआर २बी६, पण एकमेकांच्या वाड्यात दोघांची ये-जा असते.

पीएक्सआर १९९८ साली सापडला आणि गडी सरळ आहे. त्याचा खिसा मोठा नि लवचिक, टीबीचं औषध रिफाम्पिसिन असो की सेंट जॉन्स वर्ट ह्या औषधी वनस्पतीतलं हायपरफोरिन, आत बसलं की जीन चालू. टीबीची औषधं सुरू केल्यावर वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) नि गर्भनिरोधक गोळ्या कमी पडतात त्या ह्याच्यामुळेच, लिव्हर त्यांचा फडशा पटापट पाडायला लागतं. हेपजी२ ह्या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या लिव्हर कॅन्सरच्या पेशी, त्यांच्यात स्वतःचं ३ए४ नावालाच असतं, पण त्यात पीएक्सआर आणि ल्युसिफरेज (उजेड पाडणारं एन्झाइम) जोडलेला ३ए४ चा प्रमोटर, म्हणजे जीनचं बटण, घातला की १० मायक्रोमोलर रिफाम्पिसिन देऊन दुसऱ्या दिवशी प्लेट वाचता येते. रिफाम्पिसिन डीएमएसओ ह्या द्रावकात घोळलं की ट्यूब केशरी-लाल होते, ग्लोव्हजवर थेंब पडला तर लगेच कळतं. कंट्रोललाही (औषध न दिलेल्या पेशींना) तेवढंच डीएमएसओ द्यायचं, हे विसरणारे मी बरेच पाहिलेत.

सीएआर मला जास्त आवडतो, पण तो छळतो. लिगँड (खिशात बसणारा रेणू) नसतानाही तो कामाला तयारच असतो, म्हणून लिव्हरची पेशी त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवते. गंमत म्हणजे त्याला जागं करणारं फेनोबार्बिटल (फिट्सचं औषध) त्याला चिकटतच नाही, ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफआर ह्या रिसेप्टरचा सिग्नल दाबतं, मग सीएआरच्या ३८ व्या अमिनो आम्लावरचा, थ्रिओनिनवरचा, फॉस्फेट निघतो आणि तेव्हा कुठे स्वारी केंद्रकात शिरते. आता हेपजी२ मध्ये तो आधीच आत जाऊन बसलेला! मी हे न वाचताच सुरुवात केली आणि सहा आठवडे कंट्रोल नि फेनोबार्बिटल दोन्हींचे बार सारख्याच उंचीचे येत राहिले, मी आपला औषधाच्या बाटलीला दोष देतोय. नीट करायचं तर माणसाच्या लिव्हरमधून काढलेले हेपॅटोसाइट (लिव्हरच्या पेशी) लागतात, ते महाग आणि दर डोनरला आकडे वेगळे, नाहीतर हेपाआरजी ही लॅबमध्ये वाढवायची लिव्हरची पेशी, जिला तयार व्हायलाच साधारण महिना जातो.

म्हणून सहाच महिने असतील तर पीएक्सआर घे. गाईडकडे हेपॅटोसाइट आधीच पडले असतील तर मात्र सीएआर सोडू नकोस.

आणि पेशी सोडून उंदरांवर करायचं ठरलं तर रिफाम्पिसिन मागवू नकोस गं, त्यांचा पीएक्सआर त्याला फारशी दादच देत नाही, पीसीएन नावाचं स्टिरॉइड लागतं, जे आपल्या पीएक्सआरवर जवळपास काहीच करत नाही.