फोन पासवर्ड भरत नव्हता, मी हाताने भरला, आणि 74,550 रुपये गेले

आकडा आधीच सांगते, नाहीतर गेले असतील पाच-दहा हजार असं समजून लोक पुढे जातात. बँकेच्या खोट्या साइटवर फसून आधी 49,900 आणि मग 24,650 गेले, दोन्ही माझ्या सेव्हिंग खात्यातून. आणि त्यातली दुसरी रक्कम मी कस्टमर केअरला फोन करून, तक्रार नंबर घेऊन झाल्यावर गेली. त्याबद्दल खाली लिहितेच.

कार्डावरच्या रिवॉर्ड पॉइंट्सच्या नावाने फसवायचा प्रकार तुम्ही ऐकला असेल. तुमचे 6,840 पॉइंट्स आज रात्री संपतायत, या लिंकवर रिडीम करा, असा मेसेज. मलाही माहीत होतं हो, ऑफिसात मीच बाकीच्यांना सांगत असते असल्या लिंक दाबू नका म्हणून. पण माझ्या कार्डावर खरंच सहा हजाराच्या वर पॉइंट्स पडून होते आणि बँकेचा स्वतःचा, खराखुरा मेसेज थोडेच दिवस आधी येऊन गेला होता की पॉइंट्स वापरा नाहीतर जातील. वर महिनाअखेर, घरात पाहुणे, एका हातात फोन. अशा वेळी मेसेज दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून आलाय हे कोण बघतं? बघायला हवं. बँकेचा मेसेज तसल्या नंबरवरून येत नाही, एवढं एक तरी डोक्यात ठेवा.

आता खरं ज्यासाठी लिहितेय ते.

माझ्या फोनमध्ये पासवर्ड मॅनेजर चालू होता. भाच्याने दिवाळीत सेट करून दिला होता. त्याआधी माझा सगळीकडे एकच पासवर्ड, मुलाचं नाव आणि जन्मसाल, तोही डायरीच्या मागच्या पानावर लिहिलेला. ते बघून तो म्हणाला, "मावशी, हे आधी बंद कर, फोनमध्येच सोय आहे." वेगळं काही विकत घ्यायचं नसतं, अँड्रॉइडमध्ये गुगल पासवर्ड मॅनेजर असतो, आयफोनमध्ये आधी सेटिंग्समध्ये असायचं ते आयओएस 18 पासून पासवर्ड्स नावाचं वेगळं ॲपच झालंय. तो प्रत्येक साइटला वेगळा लांबलचक पासवर्ड बनवतो, तोच लक्षात ठेवतो, आपण फक्त बोट लावायचं. गळती झालेल्या यादीत आपला पासवर्ड सापडला तर तेही सांगतो. चांगली गोष्ट आहे, मी आजही वापरते आणि तुम्हीही वापरा. मी फसले ती त्याच्यामुळे नाही. त्याने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

कसं सांगितलं ते बघा. हा मॅनेजर साइटचं रूप बघत नाही, लोगो बघत नाही, पत्ता बघतो. पासवर्ड ज्या पत्त्यावर सेव्ह केलाय तोच पत्ता असेल तरच भरायला पुढे येतो. आपले डोळे फसतात, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलं तर आपल्याला दिसत नाही, त्याला मात्र दिसतं. एरवी मी बँकेची साइट उघडून चौकटीत बोट ठेवलं की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत माझा युजर आयडी किल्लीच्या चिन्हासकट दिसतो. त्या रात्री मेसेजमधली लिंक दाबून उघडलेल्या, बँकेसारख्याच दिसणाऱ्या पानावर पट्टी रिकामी. मी चौकटीच्या बाहेर टॅप केलं, परत आत केलं, तरी रिकामी.

आणि मग मी काय केलं, तर सेटिंग्समध्ये गेले, पासवर्ड उघडले, बँकेचं नाव शोधलं, बोट लावलं, डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड बघितला, कॉपी केला, परत त्या पानावर आले आणि पेस्ट केला. फोन देत नव्हता तो पासवर्ड मी आत जाऊन काढून चोराला आणून दिला. यातल्या कुठल्याही टप्प्यावर थांबता आलं असतं, रात्र रात्र तेच आठवतं.

पुढे तर कळसच. लॉगिन दाबल्यावर फोनने विचारलं, पासवर्ड सेव्ह करायचा का? अहो, बँकेचा पासवर्ड तर आधीपासून सेव्ह होता! म्हणजे ही साइट नवीन आहे, ओळखीची नाही, असं तो दुसऱ्यांदा सांगत होता. मी घाईत 'कधीच नाही' दाबलं.

पण आता मला मूर्ख म्हणण्याआधी हेही ऐका. आरबीआयने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या साइट डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायला सांगितल्या होत्या. उद्देश चांगलाच आहे, तो पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पण आमच्या बँकेचा पत्ता बदलला तेव्हा खऱ्या साइटवरसुद्धा माझा सेव्ह केलेला पासवर्ड आला नव्हता, कारण तो जुन्या पत्त्यावर सेव्ह होता. तेव्हाही मी असाच कॉपी करून टाकला होता, आणि ती साइट खरी निघाली. मग त्या रात्री पट्टी रिकामी दिसली तेव्हा मला काय वाटणार? वाटलं, पत्ता बदललाय ना, त्याचाच घोळ असेल. बँकेने एक मेसेज तरी करायचा होता की नवीन पत्त्यावर पासवर्ड नव्याने सेव्ह करा, आणि दुसरीकडे कुठे पासवर्ड येत नसेल तर टाकू नका. पर्सनल लोनचे मेसेज मात्र आठवड्याला येतात.

शिवाय कित्येक बँकांच्या पानांवर पेस्टच बंद असतं, ऑटोफिल बंद, वर स्क्रीनवरचा तो उलटसुलट कीबोर्ड. सुरक्षेसाठी म्हणे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 च्याच नियमावलीत लिहिलंय की पासवर्ड पेस्ट करू द्यावा, इंग्लंडच्या सायबर सुरक्षा केंद्रानेही त्याच वर्षी तेच सांगितलं होतं. इथे उलटं चालू आहे. पासवर्ड आपोआप भरला जात नाही हे नेहमीचंच आहे अशी सवय आम्हाला बँकांनीच लावली आणि चोरांनी तीच सवय वापरली.

ओटीपीचंही तसंच. मेसेज आला की कीबोर्डच्या वर आकडे दिसतात, एक टॅप केलं की भरले जातात, मेसेज उघडून वाचायची वेळच येत नाही. त्या पानावर "ओटीपी चुकीचा, पुन्हा टाका" येत होतं आणि मी टॅप करत होते. नंतर मेसेज उघडून बघितले तर पहिला लॉगिनचा होता, पुढचा नवीन बेनिफिशियरी जोडण्याचा आणि त्याच्या पुढचा 49,900 पाठवण्याचा. स्पष्ट लिहिलेलं होतं, रकमेसकट. ओटीपी टॅप करू नका, मेसेज उघडा, कशासाठी आलाय ते वाचा, मगच टाका.

डेबिटचा मेसेज आला आणि पायाखालची जमीन सरकली. लगेच कस्टमर केअर. मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, मध्ये होम लोनची जाहिरात, फसवणुकीचा पर्याय शेवटून दुसरा. माणूस भेटला, त्याने तक्रार नंबर दिला, "मॅडम, नेट बँकिंग ब्लॉक केलंय" म्हणाला. फोन ठेवून 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावत होते तेवढ्यात 24,650 गेले, कसल्यातरी व्हाउचर खरेदीसाठी. त्याचा ओटीपी माझ्या फोनवर आलाच नाही. ब्लॉक केलेल्या खात्यातून, ओटीपीशिवाय पैसे गेलेच कसे, हे बँकेने आजपर्यंत लेखी सांगितलेलं नाही.

1930 ला मात्र त्याच क्षणी फोन करा, उद्या नाही, नवऱ्याला विचारून नाही. मी केला म्हणून समोरच्या खात्यात उरलेले 11,200 तरी गोठवले गेले, बाकीचे तोवर पुढे फिरवले होते.

आणि आता ही सगळी कार्यालयं. शाखेत गेले तर साहेब म्हणतात, "ओटीपी तुम्हीच दिलात ना, मग आम्ही काय करणार? आरबीआय एवढ्या जाहिराती करतं." बरं, पहिल्या रकमेचं ठीक आहे, दुसरीचं काय? त्यावर उत्तर, दोन्ही एकाच प्रकरणात धरलंय. अरे, आरबीआयचाच 6 जुलै 2017 चा नियम आहे की ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तरी तक्रार केल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं, आणि ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करायचं कामही बँकेचं. मी त्याची प्रिंट काढून टेबलावर ठेवली तर साहेबांनी वाचलीसुद्धा नाही, "हेड ऑफिसला मेल करा" म्हणाले. हेड ऑफिसचा मेल आला तो ठरलेल्या चार ओळींचा, खाली सही कुणाची नाही.

पोलिसांकडे जवळचं स्टेशन म्हणतं सायबरकडे जा, सायबर म्हणतं तुमची हद्द तिकडची, तिकडे जा. "ताई, इथे वीस-वीस लाखांच्या केसेस पडल्यात" असं एकाने तोंडावर सांगितलं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात कलम 173 आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यायचा असतो. हे बोलल्यावर मला बसायला सांगितलं आणि तासाभराने गुन्हा नाही, नुसता अर्ज घेतला. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का पाहिजे म्हणाले. शाखा म्हणते तुमची होम ब्रँच दुसरी, शिक्का तिथेच मिळेल, होम ब्रँचला गेले तर शिक्क्यावाले साहेब रजेवर. यात माझ्या सुट्ट्या गेल्या, पगार कापला गेला, ते कुणाच्या खात्यावर टाकायचं? गोठवलेले 11,200 परत पाहिजेत तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, तो कसा आणायचा हे एकानेही बसवून सांगितलं नाही.

त्या साइटचा पत्ता मला तपासणाऱ्यांनी मागितला तेव्हा तोवर लिंक बंद पडली होती. भाच्याने पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्समध्ये नाकारलेल्या साइट्सची यादी उघडली, त्यात माझ्या 'कधीच नाही' मुळे तो पत्ता पूर्ण नोंदलेला होता. बँकेच्या नावात एक अक्षर जास्त, आणि शेवट डॉट बँक डॉट इन नव्हताच. त्याचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडलाय. तुमच्यावर अशी वेळ आली तर मेसेज डिलीट करू नका, ब्राउजरची हिस्ट्री पुसू नका.

अजून एक, यात थेट नाही पण सांगायलाच हवं. हे सगळे पासवर्ड फोनच्या स्क्रीन लॉकनेच उघडतात. तुमचा पिन घरातल्या मुलांना, शेजाऱ्यांना, मोबाइल दुरुस्तीवाल्याला माहीत असेल तर तिजोरीही त्यांना उघडी आहे. दुरुस्तीवाले बिलावर पॅटर्न काढून घेतात, देऊ नका. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन करायची सोय, जिथे मिळते तिथे घ्या, त्यात हाताने टाकायला काही नसतंच, त्यामुळे खोट्या साइटला द्यायलाही काही नाही. माझ्या बँकेत मात्र ती सोय नाही, विचारलं तर काउंटरवरच्या मुलीला ते काय असतं हेच माहीत नव्हतं.

बँकेने 30 दिवसांत नीट उत्तर दिलं नाही म्हणून मी आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. फक्त 24,650 साठी टाकलीय. कस्टमर केअरचा तक्रार नंबर, कॉल लॉगमधली वेळ आणि डेबिटच्या मेसेजची वेळ, तिन्ही एकाखाली एक लावून जोडलंय. बँकेने त्यावर पुन्हा "ग्राहकाने ओटीपी शेअर केला" हेच लिहून दिलं. कुठला ओटीपी, किती वाजताचा, ते दाखवा म्हणून मी उलट विचारलंय.